रेडमंड : एका लहान गावाची हकिकत



डिमोना, बेरशेवा, अश्दोद, लोद येथील आपल्या मंडळींशी फोनवर बोलताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तुम्ही हल्ली रेडमंडला असता म्हणे. ते आहे तरी कुठे?" आम्ही उभयता लेकीकडे राहायला आलो त्याला आता तीन वर्षे झाली. इतके दिवस आमचे उत्तर ठरलेले असे : "अमेरिकेत, मायक्रोसॉफ्टचे गाव." फोनवर तेवढे पुरते. तुमच्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे याच कामासाठी या बाजूला आली आहेत, तेव्हा तुमचे उत्तरही बहुधा तेवढेच असेल.

मग एक दिवस आमच्या दहा वर्षांच्या नातवाला शाळेतून गृहपाठ मिळाला. दोन पाने लिहायची होती. पहिल्या पानावर आपण राहतो त्या गावाची माहिती, दुसऱ्यावर आजी-आजोबांच्या गावाची. गाव कुठे आहे, नदी कोणती, पहिली वस्ती कुणाची, नाव कसे पडले, लोक काय काम करीत, असे साधे प्रश्न होते. रेडमंडचे पान दोन संध्याकाळींत भरले. वाचनालयात पुस्तके होती, जुनी छायाचित्रे होती. आमच्या झिराडचे पान मात्र चार ओळींवर थांबले. ते का थांबले ते शेवटी सांगू. आधी रेडमंड कसे आहे आणि कसे झाले ते ऐका. कारण हे शहर कालपरवापर्यंत आपल्या कोकणातल्या गावांएवढेच लहान गाव होते.

जागा कुठे आणि कशी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अगदी वरच्या टोकाला, कॅनडाला लागून वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. राजधानीचे वॉशिंग्टन ते हे नव्हे; ते दुसऱ्या टोकाला, पूर्वेला आहे. या राज्यातले मोठे बंदर सिॲटल. सिॲटलच्या पूर्वेला वॉशिंग्टन याच नावाचे लांबलचक सरोवर, आणि ते ओलांडून थोडे पुढे गेले की रेडमंड. सिॲटलपासून अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर, म्हणजे अलिबाग ते रेवस जितके आहे जवळजवळ तितकेच. इस्राएलपेक्षा येथले घड्याळ दहा तास मागे चालते. तुमच्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आमच्याकडे दुपारचे बारा.

ही जागा फार उत्तरेला असल्यामुळे दिवस-रात्रीचा हिशेब कोकणासारखा नाही. अलिबागला हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि उन्हाळ्यात सव्वासातला, फरक तासा-सव्वातासाचा. येथे डिसेंबरात शब्बाथचे दिवे दुपारी चारच्या आसपासच लावावे लागतात, आणि जूनमध्ये रात्रीचे पावणेनऊ उलटले तरी ऊन असते. त्या दिवसांत शब्बाथ सुटेपर्यंत रात्रीचे दहा वाजून जातात. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या अंगवळणी ही गोष्ट पडेना. पाऊसही वेगळा. कोकणात चार महिने धो-धो कोसळतो आणि थांबतो. येथे ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रोज थोडा थोडा, चाळणीतून गाळल्यासारखा पडतो. वर्षाचा हिशेब केला तर अलिबागच्या निम्म्याच्या आसपासच भरतो, पण माणसाला वाटते की कायमच पडतो आहे.

गाव एका खोऱ्यात वसले आहे. दक्षिणेला समामिश नावाचे सरोवर. त्याच्या उत्तर टोकातून समामिश नदी निघते, रेडमंडमधून उत्तरेकडे जाते आणि सुमारे बावीस किलोमीटर वाहून वॉशिंग्टन सरोवराला मिळते. पूर्वेकडून बेअर क्रीक नावाचा ओढा येतो आणि रेडमंडलाच नदीला मिळतो. म्हणजे एक सरोवर, एक नदी, एक ओढा, दोन्ही बाजूंना टेकड्या आणि मध्ये सपाट ओलसर जमीन. गावाची सगळी हकिकत या पाण्याभोवती फिरते.

हे खोरे बर्फाने कोरले. सुमारे सोळा-सतरा हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून बर्फाचा प्रचंड थर सरकत आला. आज जेथे सिॲटल आहे तेथे त्याची जाडी नऊशे मीटरच्या आसपास होती. आपला कनकेश्वरचा डोंगर एकावर एक दोनदा ठेवला तरी वर बर्फ उरलाच असता. तो उत्तरेकडून आला म्हणून येथली सरोवरे आणि दऱ्याही उत्तर-दक्षिण अशा लांबट आहेत. बर्फ वितळून मागे गेला आणि मागे पाणी, रेती, गोटे आणि टेकड्या राहिल्या.

पहिली माणसे

बर्फ गेल्यावर माणसे फार उशिरा आली असतील असे आम्हाला वाटे. तसे नाही. २००८-०९ च्या सुमारास रेडमंडच्या अगदी बाजारपेठेजवळ बेअर क्रीकचा प्रवाह सुधारण्याचे काम निघाले. कामाआधी जमीन तपासली तेव्हा कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या एका जुन्या काळ्या थराखाली दगडी हत्यारे आणि हत्यारे घडवताना उडालेल्या कपच्या सापडल्या. सगळ्या मिळून चार हजारांहून अधिक. वरचा थरच दहा हजार वर्षांहून जुना, तेव्हा खालची हत्यारे त्याहून जुनी. सोबत सामन माशाच्या हाडाचा तुकडाही मिळाला. म्हणजे त्या काळीही येथे कुणीतरी ओढ्याकाठी बसून दगड घडवीत होते आणि मासा खात होते.

पुढच्या काळात येथे राहणारे लोक म्हणजे समामिश. नदीकाठी त्यांच्या लाकडी फळ्यांच्या लांब घरांच्या वस्त्या असत. मासे, कंदमुळे, रानफळे आणि शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. जाणे-येणे होडीने. १८५५ सालच्या २२ जानेवारीला पॉइंट एलियट येथे अमेरिकन सरकारने या भागातल्या टोळ्यांशी करार केला. त्यात समामिशांचेही नाव आहे. करारान्वये जमीन सरकारकडे गेली आणि लोकांनी ठरवून दिलेल्या राखीव जागांत जावे असे ठरले. त्यांचे वंशज आज शेजारच्या निरनिराळ्या टोळ्यांत विखुरलेले आहेत. नदीला, सरोवराला आणि आता शेजारच्या एका शहरालाही समामिश हेच नाव आहे. माणसे गेली, त्यांचे नाव पाण्यावर राहिले.

एका गावाची तीन नावे

जमीन रिकामी झाल्यावर नवे लोक आले. १८६२ च्या कायद्याने कुणीही माणूस एकशे साठ एकर जमिनीवर दावा सांगून पाच वर्षे तेथे राहिला आणि ती कसली, तर ती जमीन त्याची होत असे. १८७१ साली दोन कुटुंबे या खोऱ्यात आली. एक ल्यूक मॅकरेडमंड यांचे. ते मूळचे आयर्लंडचे. दुसरे वॉरन पेरिगो यांचे. रस्ता नव्हताच. नदीतून होडीने यायचे आणि सामानही होडीनेच आणायचे.

तेव्हा नदीत सामन मासा इतका असे की बागेत पाला ओढायच्या दाताळ्याने तो पाण्यातून ओढून काढता येई, असे येथे सांगतात. सामन म्हणजे आपल्याकडच्या पाल्याचा भाऊबंद म्हणा. पाला जसा समुद्रातून खाडीत आणि खाडीतून नदीत अंडी घालायला चढतो, तसाच हाही समुद्रातून नदीत आणि नदीतून ओढ्यात चढतो. खवले आणि पर दोन्ही असल्यामुळे आपल्याला खायलाही चालतो. या माशामुळे वस्तीचे पहिले नाव पडले सामनबर्ग.

पेरिगो कुटुंबाने पुढे एक उतारशाळा काढली. रानात लाकूड तोडायला जाणारे मजूर आणि वाटसरू तेथे मुक्काम करीत. तिचे नाव मेलरोझ हाउस. १८८१ मध्ये पोस्ट ऑफिस आले तेव्हा गावाचे नाव मेलरोझ असे लागले. मॅकरेडमंड यांना हे आवडले नाही. शेजाऱ्याच्या उतारशाळेवरून गावाचे नाव पडावे हे त्यांना कसे आवडणार? पुढे ते स्वतःच पोस्टमास्तर झाले, त्यांनी वर अर्ज केला आणि १८८३ मध्ये गावाचे नाव बदलून रेडमंड झाले. बारा वर्षांत तीन नावे. पहिले माशाचे, दुसरे उतारशाळेचे, तिसरे पोस्टमास्तरांचे. आपल्या गावात दोन भाऊबंदांचा बांधावरून वाद व्हायचा, तसलाच हा प्रकार. पेरिगोंचे नाव मात्र अगदीच पुसले गेले नाही. त्यांच्या नावाची एक बाग आज गावात आहे.

होडी, आगगाडी आणि तीनशे डोकी

कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको की गावाचे नशीब त्याच्या वाटेवर असते. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटायची, रेवसला लागायची आणि तेथून पुढे आपण बैलगाडीने किंवा टांग्याने घरी जायचे. धक्का जेथे तेथे बाजार. रेडमंडलाही आधी नदीतल्या होड्या आणि लहान आगबोटी हीच वाट होती.

१८८८ मध्ये आगगाडी आली. तिच्यासाठी मॅकरेडमंड यांनी आपली जमीन दिली. जमीन देण्यात धर्मही झाला आणि व्यवहारही साधला, कारण गाडी थांबली तेथेच पेठ उभी राहिली. १८९१ मध्ये पेठेचा नकाशा कागदोपत्री नोंदला गेला. आता आजूबाजूचे जंगल तोडून लाकूड बाहेर पाठवता येऊ लागले. डग्लस फर आणि सीडर ही येथली मोठी झाडे. दोन माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे जुन्या छायाचित्रांत दिसतात. सीडर म्हटले की आपल्याला पवित्र शास्त्रातला लबानोनचा सीडर आठवतो, पण तो हा नव्हे. नाव एक, झाड वेगळे. लाकडाच्या गिरण्या निघाल्या, मजूर आले, मजुरांपाठोपाठ खानावळी, दुकाने आणि दारूचे गुत्ते आले. गुत्त्यांचा कर हे गावाचे मोठे उत्पन्न होते.

पुढे पाणीपुरवठा सुधारायची वेळ आली. त्यासाठी नगरपालिका हवी होती, आणि नगरपालिकेसाठी किमान तीनशे माणसांची वस्ती हवी होती. ती भरली आणि १९१२ सालच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, रेडमंडची नगरपालिका झाली. तीनशे माणसांची नगरपालिका! आपल्याकडे तीनशे माणसे एका लग्नालाही जमत.

नदी वळवली

येथून पुढची गोष्ट पाण्याची आहे. १९१६ मध्ये सिॲटलकरांनी वॉशिंग्टन सरोवर समुद्राला जोडण्यासाठी कालवा खणला. त्यामुळे सरोवराची पातळी सुमारे नऊ फूट खाली गेली. आपली समामिश नदी त्याच सरोवराला मिळते, म्हणून तिचेही पाणी उतरले. बोटी चालेनात. ज्या वाटेने पहिली माणसे गावात आली ती वाट बंद पडली. दुसरीकडे काठची दलदल कोरडी होऊन शेतीला जमीन मिळाली. एकाचे नुकसान, दुसऱ्याचा लाभ.

तरी पूर येतच असत. म्हणून १९६० नंतरच्या वर्षांत सरकारच्या लष्करी अभियंत्यांनी नदी खोल केली आणि सरळ केली. पूर्वी ती नागमोडी होती, आता पाटासारखी सरळ वाहते. पूर आटोक्यात आला, पण सामनाला लागणारी सावली, डोह आणि गार पाणी कमी झाले. आता नगरपालिका काठावर पुन्हा झाडे लावीत आहे आणि बेअर क्रीकला पुन्हा वळणे देत आहे. त्याच कामात ती दहा हजार वर्षांपूर्वीची हत्यारे सापडली. चूक दुरुस्त करायला जमीन खणली, तर पहिल्या माणसांचा पत्ता लागला.

दूध, अंडी आणि मग शहर

१९२० नंतर गावावर मंदी आली. दारूबंदीने गुत्ते बंद झाले आणि त्यांचा कर गेला. जंगल तोडून संपत आले, तेव्हा गिरण्याही बंद पडू लागल्या. लोक शेतीकडे वळले. गाई पाळल्या, कोंबड्या पाळल्या, दूध-अंडी सिॲटलला पाठवली. गावाबाहेर जेम्स क्लाइज नावाच्या सिॲटलच्या एका बँकवाल्यांनी १९०४ मध्ये शिकारीसाठी घर बांधले होते. पुढे तेथे मोठे शेत झाले, उत्तम जातीच्या गाई आणि घोडे झाले. तीच जागा १९६३ मध्ये जिल्ह्याने विकत घेतली, आणि आज ते मेरीमूर नावाचे सहाशे चाळीस एकरांचे उद्यान आहे. जुनी पवनचक्की अजून उभी आहे. आम्ही रविवारी सकाळी तेथेच फिरायला जातो.

१९३० चे दशक संपताना गावाने सायकलींची शर्यत सुरू केली. नाताळच्या रोषणाईसाठी आणि शाळेच्या खेळाच्या सामानासाठी पैसे हवे होते, एवढेच कारण. ती शर्यत पुढे मोठी जत्रा झाली आणि अजून दर वर्षी भरते. त्या काळचे गाव किती लहान होते ते पाहा. १९५० च्या शिरगणतीत रेडमंडची लोकसंख्या ५७३ होती. नगरपालिका होऊन अडतीस वर्षे झाली होती आणि माणसे वाढली होती जेमतेम पावणेतीनशे.

१९५० नंतरच्या वर्षांत इस्राएलला पोहोचलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी डिमोना आणि येरुहाम वाळूतून उभी राहताना पाहिली आहेत. तसाच काहीसा प्रकार येथे झाला. १९६३ मध्ये वॉशिंग्टन सरोवरावर तरंगता पूल झाला आणि सिॲटल जवळ आले. १९६० मध्ये १,४२६ असलेली वस्ती १९७० मध्ये अकरा हजारांच्या आसपास गेली. वस्ती वाढली तसे नगरपालिकेने आजूबाजूचा भागही आपल्यात घेतला. १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले कार्यालय येथे आणले. तेव्हा ती काही जगभर माहीत असलेली कंपनी नव्हती. मग जगभरातून माणसे आली; त्यांत पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकचीही आली. २०२० च्या शिरगणतीत लोकसंख्या ७३,२५६ भरली. सत्तर वर्षांत ५७३ चे ७३,२५६! आज बाजारात भाजी निवडताना मागून "अगं, कोथिंबीर घेतलीस का?" असे कानावर येते आणि आम्ही दोघे वळून पाहतो.

गाव अजून कुठे दिसते

एवढ्या गर्दीत जुने गाव उरले आहे का? उरले आहे, पण शोधावे लागते. लिअरी वे या रस्त्यावर १९१३ ची विटांची इमारत आहे. ती बिल ब्राउन यांनी बांधली. त्यांचा दारूचा गुत्ता तेथे होता आणि पुढे तेच जवळपास तीस वर्षे गावचे महापौर होते. टेकडीच्या बाजूला १९२२ ची विटांची शाळा आहे. गावाच्या पूर्वेला १९१३ मध्येच विटा घालून केलेल्या रस्त्याचा तुकडा शिल्लक आहे. त्यावरून मोटार गेली की खडखड आवाज येतो, आणि आम्हाला घोडागाडी आठवते.

आगगाडी केव्हाच बंद झाली. तिच्या रुळांच्या जागी पायवाट केली आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याच वाटेने नवी विजेची गाडी गावात आली. १८८८ मध्ये जेथे गाव जन्मले, जवळपास तेथेच आता नवे स्टेशन आहे. त्याच्या आधीच्या स्टेशनाचे नाव मेरीमूर व्हिलेज. आजूबाजूला सात-सात मजली इमारती आहेत आणि नाव आहे खेडे! गाव हरवले की माणसे पाट्यांवर गावाचे नाव लिहू लागतात, असे आम्हाला वाटले.

शरद ऋतूत, आपल्या तिश्री महिन्याच्या सुमारास, बेअर क्रीकमध्ये सामन चढतो. रोश हशाना आणि सुक्कोथच्या दिवसांत पुलावर उभे राहिले की क्वचित दिसतो. जेथे जन्मला त्याच ओढ्यात तो परत येतो आणि अंडी घालून तेथेच मरतो. गावाचे पहिले नाव त्याच्यावरून पडले होते हे पुलावरून जाणाऱ्या शंभरांतल्या एकालाही ठाऊक नसेल.

नाव कुणाचे कुणाला

हे सगळे नातवाच्या वहीत उतरवताना आम्हाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. येथे माणसाचे नाव गावाला लागले. आपल्याकडे उलट, गावाचे नाव माणसाला लागले. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, चौलचे ते चेऊलकर, नवगावचे ते नवगावकर. शंभरांहून अधिक गावांची नावे आपण आडनावांत बाळगली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि तेथून आपण गावोगाव पसरलो, असे आपले वाडवडील सांगत आले. त्या पसरण्याचा नकाशाच आपल्या आडनावांत आहे.

मॅकरेडमंड यांचे नाव ज्या गावाला लागले त्या गावात आज ७३ हजार माणसे आहेत, आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांना ते कोण हे माहीत असेल. समामिश लोकांचे नाव पाण्यावर आहे आणि लोक इतरत्र आहेत. आपली नावे डिमोना-अश्दोदच्या दारांवर आहेत आणि गावे कोकणात आहेत. त्यांतल्या बहुतेक गावांत आता आपले एकही घर नाही. कबरस्तान तेवढे आहे. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी उरले. पण नुसते नाव उरले म्हणजे गाव उरले असे नाही.

सिॲटलमध्ये आपल्यासारखेच दुरून आलेले यहुदी आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी ऱ्होड्स बेटावरून आले, तर कुणी तुर्कस्तानातल्या मार्मारा समुद्राकाठच्या गावांतून. घरात ते लादिनो बोलत. या दोन तऱ्हांच्या लोकांची दोन सिनेगॉग आजही येथे आहेत, एझ्रा बेसारोथ आणि बिकुर होलीम. आपण कुठल्या गावचे हे त्यांनी प्रार्थनेच्या सुरातही जपले. हे ऐकले तेव्हा अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ सिनेगॉग आणि तेथला आपला सूर आठवला.

झिराडचे पान

आता ते चार ओळींवर थांबलेले पान. आमचे झिराड अलिबाग-रेवस रस्त्यावर, कनकेश्वरच्या डोंगराजवळ. नातवाने विचारले, "आजोबा, तुमचे घर नदीच्या कुठल्या बाजूला होते?" आम्ही म्हटले, नदी नव्हती, विहीर होती. "विहीर कुणाची? शेजारी कोण राहायचे? तेलाचा घाणा होता म्हणता, तो कुठे होता? गाव कधी सोडले?" यांतल्या एकाही प्रश्नाला आम्हाला नीट उत्तर देता येईना. आमचे वडील लहानपणीच मुंबईला आले. आम्ही सुट्टीत दोन-चारदा गेलो तेवढेच. घाण्याची जागा, विहिरीचा वाटेकरी, कबरस्तानाची वाट, हे सगळे बेरशेव्याच्या आमच्या आतेला तोंडपाठ होते. तिला फोन करावा असे मनात आले आणि लगेच आठवले की मागच्या हिवाळ्यात ती गेली. आम्ही तिच्याशी दर शुक्रवारी बोलत असू. तब्येत विचारायचो, हवा विचारायचो, शब्बाथ शालोम म्हणायचो. विहिरीबद्दल कधी विचारले नाही.

तीनशे माणसांच्या रेडमंडमध्ये गुत्ता कुणाचा, उतारशाळा कुणाची, नावावरून कोण रुसले, हे सगळे आज दहा वर्षांच्या मुलालाही मिळते. ते कुणीतरी लिहून ठेवले म्हणून मिळते. येथे रेडमंड हिस्टॉरिकल सोसायटी नावाची संस्था आहे. तिची मंडळी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवतात, जुनी छायाचित्रे जमवतात. आपल्याकडे हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापून निघाला, म्हणून आपल्याला समाज म्हणून आपला इतिहास ठाऊक आहे. पण एकेका गावाचे एकेक पान अजून लिहायचे आहे, आणि ते तुमच्यापैकी ज्यांनी ती गावे डोळ्यांनी पाहिली त्यांनाच लिहिता येईल.

म्हणून आमची एक विनंती आहे. फार मोठे काही नको. एका वहीत आपल्या गावाचे नाव लिहा. घराचे तोंड कुठल्या दिशेला होते, विहीर कुणाची, अंगणात झाड कोणते, शेजारी कोण, घाणा कुठे, शेत कुठे, मलिदा कुणाच्या ओटीवर व्हायचा, सिनेगॉगला जायला किती चालावे लागे, कबरस्तान कुठल्या वाटेला, आणि आपल्यातले शेवटचे घर कोणत्या साली बंद झाले, एवढे लिहा. हाताला कंप असेल तर नातवंडाला समोर बसवून सांगा. ती लिहून घेतील. मराठीत लिहा, हिब्रूत लिहा, येईल तसे लिहा आणि या अंकाकडे पाठवा.

आणि झिराडचे कुणी हा लेख वाचत असतील तर त्यांनी ती विहीर कुणाची ते कृपा करून कळवावे. नातवाने वहीत तेवढी जागा कोरी ठेवली आहे.

शालोम उलेहित्राओत.